मंगळवारी, अकरा वाजता

फोनवरची मुलगी म्हणाली, "आपकी स्क्रीनिंग मंगल को, ग्यारह बजे."
मी खुळ्यासारखं विचारलं, "कौनसी लगी है?"
तिकडे जरा शांतता. मग हळूच, "मॅमोग्राफी, मॅडम."

माझा तरी काय दोष.
रामबागेत आमच्याकडे या शब्दाला
रिळांच्या तापलेल्या डब्यांचा वास यायचा.
शनिवारी स्क्रीनिंग, असं दादा म्हणाले
की आई मोठी चादर निळीत बुडवायची,
तरी एखादी सुरकुती राहायचीच,
मग नायिकेच्या गालावर ती शेवटपर्यंत.

आई स्वतः हा शब्द कधी बोलली नाही.
तिच्याकडे चाळणी होती. सियागंजातून आणलेला रवा
तीन बोटांच्या ठेक्यावर परातीत उतरायचा,
आणि वर उरलेलं ती तसंच फेकायची नाही.
"उजेडात धर. काय आहे ते बघ तरी.
घाबरायचं कशाला?"

हॉस्पिटलात हिरव्या कापडाचा पडदा,
त्याचं एक चाक कुरकुरतं.
खालून पलीकडच्या बाईची जोडवी दिसतात,
एक पाय दुसऱ्यावर घासत राहिलेला.
मोबाइलवर ऋत्विज, माझा भाचा:
"मावशी, पहिल्या स्क्रीनिंगमध्येच गळलो."
काय लिहावं सुचेना. तेवढ्यात माझा नंबर आला.

नुसरत तिचं नाव. हात गार, बोलणं मऊ.
मला यंत्रात नीट बसवून
"सांस रोकिए" म्हणाली,
आणि काचेपलीकडे आपल्या पडद्यासमोर जाऊन बसली.
काळ्यावर पांढरं काही उमटत असणार, रव्यासारखं.
मला तिथून फक्त तिचा चेहरा दिसत होता,
निळसर उजेडात.

ते मला वाचता येतं.
दादा मला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवायचे.
पडद्याकडे नको, माणसांकडे बघ,
सिनेमा कसा आहे ते त्यांच्या तोंडावर कळतं.
कपाळाला आठी, ओठ अर्धवट उघडे,
म्हणजे काहीतरी घडतंय.
जांभई आली, म्हणजे रीळ पडलं.

नुसरत बघत होती. हनुवटीखाली हात.
एकदा पुढे झुकली. पुन्हा मागे.
श्वास सोडायचा मी विसरूनच गेले होते.

मग तिनं जांभई दिली. चांगली, तोंडभर,
मनगटाआड.

रिपोर्ट गुरुवारी.
बाहेर गाडीवर पोहे घेतले, वरून जिरावण,
ऋत्विजला लिहिलं, ये जेवायला.
दादा, इतका कंटाळवाणा खेळ
मी आयुष्यात कधी मागितला नव्हता.