दुसरा माणूस

वार्षिक मागणीपत्र भरायला बसलेय.
रबरी वायसर, चौदा डझन.
ओल शोषणाऱ्या पुड्या यंदा दुप्पट,
खालच्या भिंतीला पाझर फुटलाय.
जनरेटरचा पट्टा, ज्याचा कारखाना बंद पडून
वीस वर्षं झाली. तरी लिहिते,
रकाना रिकामा सोडला की
वरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे.

बाहेर उणे एकतीस.
नॉर्थ डकोटात या दिवसांत दाराची कडी
उघड्या हाताने धरली तर सालपट ठेवून घेते.
ओडेगार्डच्या गव्हाच्या मधोमध आमचं कुंपण,
कुंपणाआत, जमिनीच्या पोटात, उभी आहे ती.
आम्ही तिला नुसतं 'काम' म्हणतो,
रात्री सापाचं नाव टाळावं तसं.

तिच्याजवळ एकट्याने जायचं नाही.
एकाने पाना धरला की दुसऱ्याने
पान्याकडे बघायचं, आणि त्याहून जास्त
माणसाकडे.

सहा वर्षं मी ताइतानोकडे बघतेय.
ग्वामचा, समुद्राचा पोरगा.
बर्फात अजूनही पाय उचलून टाकतो
लाटेतून बाहेर यावं तसा.
बोल्ट आवळताना ओठांत मोजतो, घरच्या भाषेत.

सोमवारी रात्री त्याला फोन आला.
ग्वाममध्ये तेव्हा मंगळवारची दुपार.
म्हणजे त्याची आई
उद्या वारली.

कुणाला बोलला नाही.
बोललं की नाव यादीतून उतरतं;
कर्ज, काडीमोड, झोपेची गोळी, शोक,
कसलाच ओरखडा चालत नाही.
आणि आमच्यात एक बाळंतपणाच्या रजेवर,
दोघांचे गुडघे गेलेले, बाकी शिकाऊ पोरं.
तो उतरला तर दुसरा माणूस कुठून आणायचा,
हे त्याला माहीत होतं. मलाही.

बुधवारी खाली, सातव्या बोल्टला
ओठ थांबले.
मी नियमाप्रमाणे बघत होते.
'हात काढ,' म्हटलं.
'सार्जंट,' तो म्हणाला, 'पुढचा आकडा आठवत नाही.'

तळावरून दुसरी जोडी यायला साडेचार तास.
व्हॅनमध्ये हीटर लावून बसलो.
तो आईच्या लाल भाताबद्दल बोलत राहिला,
त्यात ती कुठल्या बिया घालायची, किती वेळ भिजवायची.
मी त्याच्याच पेनने त्याचा फॉर्म भरला.
कारण: 'आई' लिहिलं,
खोडून 'वैयक्तिक',
मग ते खोडून परत 'आई'.

आता मागणीपत्राचा शेवटचा रकाना, इतर गरजा.
माणसं, सहा.
संगणक परिमाण विचारतो,
'नग' सोडून काही घेतच नाही.
बरं. सहा नग.
शेरा: संख्या ठरवताना
प्रत्येकाला आई आहे असं धरावं.