मसुदा सात

सेतूबलमध्ये, बंदरापासून दोन गल्ल्या आत
इस्पितळांच्या चादरी धुणारा आमचा कारखाना.
रोज चार टन.
कुणी जन्मल्याच्या, कुणी गेल्याच्या,
वाफेतून बाहेर आल्या की सगळ्या सारख्याच.
मी वरच्या मजल्यावर बसते.
माझ्याकडे शब्द येतात धुवायला.

‘जवळच्या नातेवाइकाच्या निधनानिमित्त
तीन दिवसांची रजा देता येईल.’
हा पहिला मसुदा, माझाच.
तेव्हा मला तो स्वच्छ वाटला होता.

मग खाली, हजेरीच्या घड्याळाशेजारी,
साबणाच्या पावडरीचा रिकामा डबा ठेवला,
झाकणाला चीर पाडून.
वर लिहिलं : आपलं मत कळवा.
पहिल्या आठवड्यात डब्यात एक बटण निघालं.

दुसऱ्या आठवड्यात, इस्त्रीच्या रांगेतून,
एकही सुरकुती नसलेला कागद :
‘देता येईल म्हणजे देणार की नाही देणार?’
सही नव्हती. देओलिंदाचं अक्षर लपत नाही.
मी ‘देता येईल’ खोडलं, ‘देण्यात येईल’ लिहिलं.
किंतेला साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला,
आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘शक्यतो’ बसवला.

शक्यतो.
केवढासा शब्द, दाराखालच्या पाचरीएवढा.
त्याने दार उघडं राहतं की बंद,
ते दार ज्याच्या हातात, त्यालाच ठाऊक.

ओस्ताप ट्रक उभा करून जिना चढून आला.
‘तीन दिवस मोजायचे कुठून?
फोन आल्यापासून, की मातीवरून परतल्यापासून?
आमच्याकडे हल्ली विमानं उतरत नाहीत.
पोचायलाच तीन दिवस लागतात.’
मी ‘प्रवासाचे दिवस वगळून’ जोडलं.
लेखापालांनी समासात तांबड्या शाईने एक आकडा लिहिला, बाकी काही नाही.
संघटनेच्या इवोनने त्याखाली दुसरा.
ते दोन आकडे चार दिवस
एकमेकांकडे बघत बसले होते.

मग झुल्मिरा आली. कागद न आणता,
ओले हात ॲप्रनला पुसत.
‘यादी दाखवा.’
आई, वडील, जोडीदार, मूल, भावंड,
आजी-आजोबा (हे मसुदा चारपासून).
प्रत्येक शब्दावर तिने बोट टेकवलं,
चादरीत राहून गेलेली सुई चाचपावी तसं.

‘मिंदेलूला न्या बिया होती.
माझ्या आईची कुणी नाही, बापाची कुणी नाही.
आई इकडे कामाला आली, तेव्हापासून अकरा वर्षं
मी तिच्या ताटात जेवले.
मार्चमध्ये ती गेली. त्या दिवशी मी दोन पाळ्या केल्या.
ह्यात ती कुठे बसते?’

मी म्हणाले, ‘इतर’ असं एक कलम घालता येईल.
ती म्हणाली, ‘इतर’ नको.

त्या रात्री मी उशिरापर्यंत थांबले.
‘पालकसमान व्यक्ती’ लिहून पाहिलं, ‘प्रतिपालक’ लिहून पाहिलं.
खळ घातलेले शब्द,
आत माणूस नसला तरी उभे राहणारे.
शेवटी लिहिलं :
‘जिने वाढवलं, ज्याने वाढवलं,
किंवा आपण ज्याला वाढवलं.’

‘ह्याला पुरावा काय मागायचा?’ किंतेला साहेब.
इवोन म्हणाली, ‘आईचा काय मागता?’
बराच वेळ खालच्या यंत्रांची घरघर तेवढी वर येत होती.

वाक्य राहिलं.
त्याच्या बदल्यात प्रवासाचे दिवस दोनच झाले;
ओस्तापला सांगायला मीच खाली गेले.
त्याने मान हलवली, ट्रक सुरू केला.
‘शक्यतो’ गेला म्हणावं, तर दुसऱ्या कलमात जाऊन बसलाय,
जेवणाच्या सुटीच्या.

सोमवारी घड्याळाशेजारी सातवा मसुदा लावला.
संध्याकाळी पाहिलं, तर यादीच्या खाली
पेन्सिलीने, अनोळखी अक्षरात :
‘शेजारीण?’

कागद काढून घेतला.
डबा होता तिथेच पुन्हा ठेवला.