अर्धं सूत

ब्रेक लागतो गं आई, पण ऐकतो उशिरा,
रेवती म्हणाली मानकापूरच्या सिग्नलवर,
पुढच्या ई-रिक्षाच्या पाठीवरचा मोबाइल नंबर
चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या जवळ थांबून.

वर्षभर मी तेल बदललं, पॅड बदलले,
चारी नळ्यांतली हवा काढून घेतली दोनदा,
मास्टर सिलिंडरही नवा टाकला.
पायाखाली तरी तेच,
हो हो म्हणत काहीच न करणाऱ्या
माणसाशी बोलावं तसं.

टिमकीत गुलाब धकाते. पत्र्याची शेड,
दारात कूलर, त्यात गेल्या मे महिन्यातली खस.
त्याने गाडी जॅकवर घेतली नाही.
बोनेट उघडलं, म्हणाला, बसा आत,
दाबा. सोडा. दाबा.
आणि टॉर्च दातांत धरून
इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या पत्र्यावर
दोन बोटं टेकवून उभा राहिला,
ताप पाहावा तसा.

"हालून राह्यली."
काय?
"भिंत. तुमी जोर देता, तो खाते ही.
ब्रेकले पोचते उरलंसुरलं."

फायरवॉल. मला शब्द माहीत होता.
आग अडवते ती, मी म्हणाले.
"आग अडवते ना. तुमचा पाय नाही अडवत."

वीस वर्षांचा पत्रा. स्पॉट वेल्डचे दोन टाके सुटलेले,
पेडलच्या पायथ्याशी गंजाची एक रेघ.
त्याने सिलिंडरच्या नाकाला स्टीलची पट्टी लावली,
मी दाबलं, नाक पुढे आलं.
"अर्धं सूत," तो म्हणाला.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
एवढं मला लोखंडाच्या दुकानांतून ठाऊक.
त्याचं सूत आणखी जुनं.
आजा याच गल्लीत खड्डामागावर बसायचा,
पाय खड्ड्यात, पावड्यांवर, समोर लुगड्याचा काठ.
मागाचा खांब जमिनीत हलला
की पावडी कितीही दाबा, ताणा अर्धाच उघडतो,
धोटा अडकतो,
आणि विणणारा आपल्याच पायाला शिव्या देतो.
खांबाकडे कोणी पाहत नाही.
हे त्याने ग्राइंडर चालू असताना सांगितलं,
तेव्हा निम्मं मीच जोडलेलं असेल.

आतून, पेडलमागे, तीन मिलिमीटरची प्लेट.
बाहेरून एक दांडी, शॉकअपच्या टोपापासून
थेट सिलिंडरच्या नाकापर्यंत,
टोकाला बोल्ट, बोल्टामागे चेकनट.
बोल्ट फिरवताना तो मध्येच
वीजबिलाचा एक तुकडा फटीत सरकवायचा.
कागद निघेनासा झाला, तिथे थांबला.
"फक्त टेकला पाह्यजे. आपणच ढकलून राह्यलो
तं तो टेका नाही, भांडण."

साडेतीन तास. अठराशे रुपये. चहा त्याचा.

काटोल रोडवर, फेटरीच्या अलीकडे,
मागे कोणी नाही पाहून रेवतीने दाबला.
गाडी बोलली. तिथेच, अंगठ्यापाशी.
ती हसली वगैरे नाही. पुन्हा दाबला, हलका,
मग त्याहून हलका,
किती कमी पुरतं ते शोधत.

परतताना मला कळलं,
आता इंजिनाची थरथर आत येते.
थांबलं की डॅशबोर्ड गुणगुणतो,
पेडलवरच्या तळव्याला
पलीकडचं सगळं समजतं.

घरी येऊन फोन केला. धकाते जेवत होता.
"येईनच ना बाई. भिंत नरम होती तवा
तुमचं तिकडं जात नव्हतं,
तिकडचंही इकडं येत नव्हतं.
राहू देऊ, का काढू?"

रेवती हात पुढे करून पुन्हा चावी मागत होती.
राहू द्या, मी म्हणाले,
आणि खाली जाऊन डॅशबोर्डच्या कप्प्यातून
खडखडणारी चिल्लरची डबी
तेवढी काढून आणली.