तेलाचा काटा

पाण्याचा काटा सभ्य आहे.
काहीही झालं तरी मधोमध उभा,
पाहुण्यांदेखत भांडण न दाखवणाऱ्या घरासारखा.
म्हणून तेलाचा वेगळा काटा बसवून घेतला,
स्टिअरिंगच्या डावीकडे, एसीच्या जाळीत.
उन्मेष म्हणाला, आणखी एक जण आला
तुझ्याशी वाद घालायला.

सोमवार ते शनिवार कोथरूड ते भोसरी.
डिसेंबरातली सकाळ, सव्वासात,
चांदणी चौकाच्या उतारावर पाणी नव्वद, तेल एक्कावन्न.
थंड तेल म्हणजे थिजलेलं तूप,
डब्यात असतं, चमच्यातून सुटत नाही.
इंजिनाला अडीच हजारांच्या वर ओरडू देत नाही मी.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवतो.
वाजव बाबा.
बाणेर येईस्तोवर सत्तर.
वाकडच्या पुलाखाली ऐंशी, आणि तिथे सिग्नल.

रविवारी हीच गाडी.
मागच्या सीटवरची छत्री आणि भाजीची पिशवी
तेवढी घरी ठेवते.
मावळातल्या माळावरचा ट्रॅक.
पहिली फेरी शंभर. दुसरी एकशे चौदा.
तिसरीत ते लांबलचक उजवं वळण,
जिथे सगळं तेल एका कुशीवर होतं
आणि दाबाचा दिवा एकदाच डोळा मिचकावतो.
एकशे सत्तावीस.
इथे पाय उचलायचा असतो.
हे कळायला मला दोन वर्षं लागली
आणि एक बेअरिंग.

दस्तगीर मिस्त्रींनी बंपरच्या मागे कूलर बसवला,
झडपेशिवाय,
कारण मीच म्हटलं होतं, स्वस्तात बसवा.
रविवार निवला.
सोमवार गोठला.
वाकडपर्यंत तेल अठ्ठावन्न,
आणि टोपण उघडलं तर आतून पांढुरकं, मऊ काहीतरी.
मिस्त्रींनी बोटावर घेतलं.
"हे लोणी बरं नाही, ताई.
आतलं पाणी उडून जाईल इतपत तरी तापू द्या त्याला."
मग काजूकतलीचा रिकामा खोका कापला
आणि कूलरपुढे पुठ्ठा लावून दिला.
रविवारी सकाळी काढायचा, संध्याकाळी परत लावायचा.
इतकं सोपं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी विसरले.

दुसऱ्याच फेरीत एकशे एकतीस.
वळणातून बाहेर पडताना एकशे एकेचाळीस.
तेल तापलं का बघायला
आई कढल्यात एक मोहरी टाकायची.
इथे मोहरी मीच.
चौथा गिअर, इंजिन जेमतेम गुणगुणेल इतकंच,
ब्रेकवर पाय नाही, नुसता वारा खात
एक अख्खी फेरी डाव्या कडेने.
एका पोराने ओव्हरटेक करताना अंगठा दाखवला,
आजारी माणसाला दाखवतात तसा.
पिटमध्ये आल्याबरोबर बंद करायची नसते गाडी.
दोन मिनिटं तिला तिच्याशीच पुटपुटू द्यायचं.
मग बॉनेट उघडलं.
पुठ्ठा जागच्या जागी, जरासा वाकलेला.
त्यावर सोनेरी अक्षरांत: शुभ दीपावली.

मंगळवारी मिस्त्रींनी तेल काढलं.
पत्र्याच्या डब्यात काळी, बारीक धार.
दोन बोटांत चोळलं, वास घेतला,
पुन्हा घेतला.
मला वाटलं, म्हणतील, तेलही गेलं, तूपही गेलं.
म्हणाले, "जळलं नाही. दमलंय."

आता झडप आहे. ऐंशीला उघडते.
त्याच्या आत तेल बाहेर पडतच नाही,
घरातल्या घरात फिरतं.
मला काही लक्षात ठेवावं लागत नाही.
पुठ्ठा तरी डिकीत आहेच.

परवा वाकडच्या पुलाखाली, कशावरून कोण जाणे,
आमचे आवाज चढले.
उन्मेषने माझ्याकडे नाही, काट्याकडे पाहिलं.
"अठ्ठ्याऐंशी," म्हणाला. "तेल तर ठीक आहे."
मी काच खाली केली.
सिग्नल सुटायला अजून बावीस सेकंद होते.