दुसरं गेट

पाकसेच्या शाळेचं पत्र आलं. एक पान इंग्रजी,
दुसऱ्यावर त्यांची लिपी, गोल, वेटोळ्यांची.
अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला.
'हे कानडी की गं.'
नव्हे अप्पा, लाओ.
'खरं, कानडीसारखंच दिसतंय.'
आणि बोटानं वळणं गिरवीत बसले.
त्याच बोटाच्या नखात एकदा
आठवडाभर डांबर होतं.
कुठली पाटी, कुठला चौक,
घरात कोणी काढत नाही तो विषय.

रात्री धडा घोकते.
दोन उशा, शिवणयंत्र
आणि सुट्टीला आलेला भाचा मल्हारी,
एवढाच वर्ग.
वाइन म्हणताना ओठ गोल, व्हाइन म्हणताना दात ओठावर;
आरशात मी मासा दिसते.

पहिला पाठ : 'अ' आणि 'द'.
अ गेट. द गेट.
'फरक काय मावशी?'
मराठीत ही भानगड नाही.
बसव्वाक्कांना भिंतीवरून विचारलं, त्यांच्यातही नाही
('छलो आत बिडु,' म्हणाल्या, 'एक त्रास कमी.')
लाओतही नाही म्हणे.
म्हणजे कोणाच्याच घरात नसलेली वस्तू
मी अमक्याकडून उसनी घेऊन तमक्याला द्यायला निघाले.

मग सुचलं.
'दुसऱ्या गेटपाशी थांबते' म्हटलं
तर टिळकवाडीत कोण विचारतं, कुठल्या गावचं गेट?
फाटक पडलेलं, स्कूटरी बंद,
मालगाडीचे डबे मोजणारी पोरं,
हे सगळं न सांगता ऐकणाऱ्याला दिसतं.
ते 'द'.
'आणि अ?'
अ म्हणजे अजून कोणी दाखवलं नाही ते.

बॅग तेवीस किलो.
स्वेटर काढला, तिथं उकाडाच आहे.
कुंदा आठ दिवस टिकेल, तो राहू दे.
अप्पांनी खडूचा खोका कोंबला;
तिथं पांढरे फळे आहेत, हे दोनदा सांगून झालं.
अ खोली. अ रस्ता. अ नदी, मोठी आहे म्हणतात.
मी कपड्यांच्या घड्यांवर पुटपुटते,
एकालाही 'द' लागत नाही अजून.

झोपायला जाताना बघितलं,
लाइट बिलाच्या पाठीवर अप्पांनी
पत्रातलं एक अक्षर उतरवलंय. पाच-सहा वेळा.
शेवटचं बरं जमलंय.
'ह्याला काय म्हणतात?'
ठाऊक नाही अप्पा.
'मास्तरीण ना तू?'
विचारून कळवते, म्हटलं.
'कळव,' म्हणाले, आणि पेनचं टोपण शोधू लागले.