बर्फात ओलावा किती

काट्याच्या केबिनमध्ये, कॅलेंडरच्या शेजारी,
यंदा एक नकाशा लावलाय :
पांढरा डोंगर, त्यावर निळ्या, लाल, काळ्या शिरा,
म्हाताऱ्याच्या पिंढरीवर दिसतात तशा.
गाडीवाले विचारतात, अप्पा, कुठल्या नद्या ह्या?
नद्या नाहीत, उतार आहेत. लोक घसरतात.
पैसे देऊन?
पैसे देऊन.
ते वजनाची पावती घडी करून खिशात घालतात
आणि जाता जाता पुन्हा एकदा बघतात.

भाचा आल्प्समध्ये पाळणा चालवतो,
तीन हजार दोनशे मीटरवर.
आमच्या हिरामण बोरशाचा थोरला, कौतिक.
अमळनेरचं जीन सुरू होतं तेव्हाच त्याचा डोंगर सुरू होतो
आणि एप्रिलात दोन्ही थकतात.
पहिल्या फोनवर म्हणाला,
"मामा, आठे बठ्ठं धव्वंच धव्वं शे."
मी खिडकीतून पाहिलं.
गंजी पत्र्याच्या वर गेली होती.
"आठे बी," म्हटलं.

मग रोज रात्री एकेक उतार.
निळा चार : बायकापोरांचा, बैलगाडीही उतरेल.
लाल अकरा : खाली झाडीत शिरतो,
तिथली सावली गोठून काच झालेली.
काळा दोन : त्याच्या काठावर माणसं थांबतात
आणि बुटाची पट्टी पुन्हा आवळतात,
ती सैल नसतानाही.
आणि एक हिमनदीवरून, नऊ किलोमीटर,
म्हणजे आपल्याकडून मंगरूळच्याही पुढे,
मधे फाटा नाही, टपरी नाही,
कोणी हात करून थांबवत नाही.

मी एकच विचारायचो : ओलावा किती?
आधी हसायचा. मग एकदा आपणहून बोलला :
गावाजवळचा बर्फ ओला, गुडघ्याला धरतो.
उंचावरचा कोरडा. मुठीत गोळा होत नाही,
फुंकरीनं उडतो. त्यासाठीच लोक एवढं वर येतात.
बरोबर आहे, मी म्हटलं, तो पहिला दर्जा.
बाराच्या वरचा माल आम्हीही बाजूला काढतो.

तुझा आवडता कोणता?
वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाला, मी घसरलोच नाही कधी.
पाट्या भाड्यानं घ्यायच्या तर चार दिवसांचा पगार.
पाळण्यातून वर, पाळण्यातून खाली.
उतार त्याला चेहऱ्यांवरून ओळखता येतात :
परत वर येताना जे बोलत नाहीत
ते काळ्यावरून आलेले.

त्या रात्री सुपडू राखणदार चहा आणायला गेला
तेव्हा मी एक बारदान उचललं.
आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या ओलांडून
गंजीवर चढलो. छप्पन्न वर्षं,
पाय रोवला की मांडीपर्यंत आत.
आत ऊब असते, सरकीचा तेलकट वास असतो,
हे काही बर्फाला जमायचं नाही.
वरून स्टेशनचे दिवे दिसले, बोरीचं काळं पात्र,
आणि आमचीच केबिन, इतकी लहान
की तिच्यात मी कसा मावतो कळेना.

बारदानावर बसलो.
काही झालं नाही.
कापूस घसरू देत नाही, धरून ठेवतो.
टाचा मारल्या, ढुंगण हलवलं, देवाचं नाव घेतलं.
मग कुठूनशी कड सुटली
आणि मी, बारदान आणि अंदाजे दीड क्विंटल माल
एकदम खाली आलो.

सुपडू किटली धरून उभा होता.
काही बोलला नाही. बशीत चहा ओतला,
माझ्या भुवईवरचं रुईचं पेळू काढलं
आणि गंजीकडे एकवार नीट बघितलं,
तिची उंची मोजल्यासारखं.

कौतिकला कळवलं :
उतार पहिला. रंग अजून ठरलेला नाही.
उंची बावीस फूट, वेळ दोन श्वास,
चढायला मात्र पाऊण तास.
तिकडे दुपार होती, मागे घंटा वाजत होती,
कोणीतरी पाळण्यात हातमोजा विसरलं होतं.
"थांब," तो म्हणाला, "ओलावा?"
सात, म्हटलं.