शेवटचं पान

आमच्या शास्त्राला शेवटचं पान नव्हतं.
मालगाडीतल्या कुणा पहारेकऱ्यानं
ते फाडून तंबाखू वळली होती त्यात,
उरालच्या अलीकडे की पलीकडे, ते आईला आठवत नसे.

म्हणून आमच्या घरी जगाचा शेवट
अग्नीच्या सरोवरापाशी येऊन थांबायचा.
पुढे नुसती शिवण,
सुटलेला दोरा.

रविवारी खिडकीवर घोंगडी टाकून
आई तिथवर वाचायची,
मग बोट दोऱ्यावर ठेवून उरलेलं तोंडपाठ सांगायची, हळू,
भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये इतकं.
नवं नगर उतरतं. तिथे बर्फ नसतो.
हजेरी नसते. दाराला कडी नसते.
एकदा तिथे बकरीही होती,
पण ती मी विचारली म्हणून.

डिर्कमामाचा भरवसा आकड्यांवर.
चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं
शिंगं, राजे, आठवडे, वर्षं;
बेरीज वजाबाकी करून त्यानं रात्र काढली,
एक्कावन्नच्या मार्चमधली, बर्फ वितळायच्या आतली.
सारा वीबं हिनं तिची बकरी
शेजारच्या कुलजानला देऊन टाकली.
आता कशाला लागणार होती?

आम्ही धुतलेले सदरे घालून बसलो.
डोळ्यांत तेल घालून जागणं म्हणजे काय
ते मला त्या रात्री कळलं.
दिव्यातलं संपलं, डोळ्यांतलं पुरलं.
कुत्रं भुंकलं की सगळे उभे राहत.
पहाटे टापा वाजल्या.
मामा गुडघ्यांवर आला.

तो कमांडंट पोलुनिन होता,
महिन्याच्या सह्या घ्यायला आलेला.
धुतलेल्या सदऱ्यांकडे बघून म्हणाला,
कोण मेलं?

आम्ही ओळीनं सह्या केल्या.
मामानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली,
काळं पसरलं, गेलं नाही.
दुपारी कुलजान आली, बकरीची दोरी हातात,
आणि काही न विचारता
साराच्या दाराला बांधून गेली.
तिच्या देवाची पुस्तकं वेगळी. दोरी तीच.

आई एवढंच म्हणाली,
त्याला उशीर झालेला नाही, डिर्क,
घाई आपल्याला झाली होती.
आणि धार काढायला गेली.

दाराशी बाबांचे नमद्याचे बूट होते.
बाबांनी प्रार्थना थांबवायच्या कागदावर सही केली नव्हती,
दहा वर्षं.
दर शरदात आई बुटांतला पेंढा बदलायची,
पायाचा आकार मोडू नये म्हणून.
कुणी तारीख विचारली नाही तिला,
तिनंही भिंतीवर काही लिहिलं नाही.
छप्पन्न साली आला तो कागद,
गोल शिक्क्याचा.
तिनं पेंढा आणखी एकदा बदलला.
मग बूट डिर्कमामाला दिले.
त्याला मोठे होत. तो झिजेपर्यंत वापरत राहिला.

आता मी डेटमोल्डला, तिसऱ्या मजल्यावर.
इथं आल्यावर कुणीतरी पुस्तक दिलं,
ठळक अक्षरांचं, अखंड.
बसथांब्यावर उभ्यानंच शेवट उघडला.
तिथे लिहिलं होतं, समुद्र नसेल.

समुद्र?
मी जन्मात पाहिला नव्हता समुद्र.
बस आली, गेली.
बर्फाचा शब्द कुठे सापडेना,
ना हजेरीचा, ना बकरीचा.
वेशी मात्र होत्या, दिवसा न मिटणाऱ्या,
आणि रात्र तर तिथे नाहीच.
म्हणजे कडीपुरतं
तिला नीट आठवत होतं.

डोळे पुसले जातील, हेही होतं.
ते तिनं कधीच सांगितलं नव्हतं.
विसरली असेल.
किंवा ते वाक्य आलं की
ती उठून चुलीत गोवरी सारायची, तेव्हा.

रात्री मी कडी लावत नाही.
सून रागावते.
म्हणते, हे तुमचं गाव नव्हे,
इथे रात्रीचे चोर येतात, न सांगता.

मी म्हणते, माहीत आहे.